मखमलीची उलटी लव

पप्पांनी पेटीत पाठ टेकली, हात छातीवर घेतले, डोळे मिटले. वहिनींनी प्रार्थना केली. आमेन झालं. आणि मग दरवर्षीप्रमाणे उठून बसून "चला, वाढा आता" असं म्हणायचं सोडून पप्पा तसेच पडून राहिले.

कारखान्यात शांतता पसरली. या घराच्या मानाने ती फारच मोठी शांतता होती.

"पप्पा?" दादा म्हणाला.

पप्पांनी एक डोळा उघडला. "काय?"

"उठा ना."

"मग इतका वेळ मी काय करतोय?"

मधलीने वाकून पाहिलं. पप्पा खरंच उठत होते. मान ताठ, गाल लाल, कपाळावरची शीर टरारलेली. गळ्याच्या वरचं सगळं उठायच्या तयारीत होतं. गळ्याच्या खालचं काहीच हलत नव्हतं.

"अडकलेत," धाकटा म्हणाला. तो रेडिओवर हवामान सांगायचा. जे सगळ्यांना खिडकीतून दिसतंय ते बातमीसारखं जाहीर करायची त्याला सवय होती.

या घराचा धंदा शवपेट्यांचा. खाली कारखाना, वर घर, मध्ये लाकडी जिना; लहानपणी तिघं भावंडं नव्या झाकणांवर बसून तो जिना घसरत उतरायची आणि खाली आल्यावर मार खायची. आजोबांनी घालून दिलेला नियम असा होता की साठी उलटली की आपली पेटी आपण बनवायची, आणि दर वाढदिवसाच्या रविवारी, उपासना आटोपल्यावर, जेवणाआधी, तिच्यात एकदा झोपून पाहायचं. जे दुसऱ्याला विकतो त्यात आपण पडून बघितलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. माप कळतं, गर्व उतरतो आणि भूकही चांगली लागते. उरलेलं वर्ष पप्पांच्या पेटीत रजया असत. थंडी पडली की पेटी उघडायची, उन्हाळा आला की भरायची. घरातले ऋतू या पेटीवरून कळत. धाकट्याच्या अंदाजावरून कळत नसत.

आईची पेटी शेजारीच असायची. एकाच ओंडक्याच्या फळ्या, एकाच हाताने रंधा मारलेल्या. लाकडातली एक तपकिरी रेघ आईच्या पेटीतून निघून पप्पांच्या पेटीत शिरायची. सहा वर्षांपूर्वीच्या थंडीत आईच्या पेटीतल्या रजया काढाव्या लागल्या.

तेव्हापासून पप्पा चर्चमध्ये गात नाहीत. गायनमंडळातला त्यांचा खर्जाचा आवाज गेला आणि मंडळी नुसतीच वरच्या पट्टीत किंचाळू लागली. ते दर रविवारी जातात, पहिल्या बाकावर बसतात आणि देवाकडे बिल थकवलेल्या गिऱ्हाइकासारखं बघतात. आज सकाळी पाळकसाहेबांनी नेमका त्याच विषयावर उपदेश केला: आयुष्याचे ऋतू बदलतात, पण कृपा प्रत्येक ऋतूत सोबत असते. पप्पा मोठ्याने पुटपुटले, "माझ्याकडे एकच ऋतू आलाय आणि तो हलायचं नाव घेत नाही." मागच्या तीन बाकांना ऐकू गेलं. मधलीने वर छताकडे बघितलं होतं. ती हल्ली बरेचदा छताकडे बघायची.

कारण मधलीला आज काहीतरी सांगायचं होतं. पप्पा पेटीतून उठले की, जेवायला बसायच्या आधी, एका दमात. कोपऱ्यावर पांढऱ्या व्हॅनमध्ये एक माणूस ती कधी हाक मारते याची वाट बघत होता. 'दहा मिनिटं' असं तिने त्याला सांगितलं होतं, आणि ती दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.

"मी काखेत हात घालतो, तू पाय धर," दादाने धाकट्याला हुकूम सोडला. दादाची ड्रायव्हिंग स्कूल होती. तो सगळ्या जगाच्या शेजारच्या सीटवर बसलेला असायचा. "हळू. आरसा बघ. म्हणजे, मागे बघ. आता ओढ."

ओढलं. पप्पांबरोबर पेटीही वर उचलली गेली, खालच्या दोन घोड्या डुगडुगल्या आणि सगळं पुन्हा खाली आलं.

"अरे मी जिवंत आहे!" पप्पा ओरडले.

"तेच तर. मेलेला माणूस एवढा आखडत नाही," धाकटा म्हणाला.

"उलटी करू या का?" वहिनींनी विचारलं. "केकचा साचा करतो तशी. खालून थोडं ठोकायचं."

"सूनबाई, मी केक नाही."

"नाही, पण आज केकही आहे, म्हणून आठवलं."

मधलीने पप्पांच्या कोपरापाशी दोन बोटं घातली. बोटं आत सरकन गेली आणि बाहेर येताना अडली. तिने पुन्हा घातली. पुन्हा तसंच. अस्तर तिने लावलं होतं. या कारखान्यातलं प्रत्येक अस्तर तिनेच लावलेलं होतं.

"मखमल," ती म्हणाली.

"काय मखमल?"

"मखमलीला लव असते. एका बाजूला हात फिरवला तर मऊ, उलट्या बाजूला फिरवला तर अडतो. मी लव खालच्या दिशेने लावते. उजेडात चमकते म्हणून. त्यामुळे आत जाताना माणूस मऊ जातो..." ती थांबली.

"आणि वर येताना?" दादाने विचारलं.

"इतकं घट्ट बसून वर यायचा प्रयत्न अजून कुणी केला नव्हता."

पेटीतून पप्पा हळूच म्हणाले, "म्हणजे सगळ्याच पेट्यांत अशी?"

"सगळ्याच."

"आईच्या?"

"आईच्याही."

पप्पांचा चेहरा असा झाला की मधलीला वाटलं आता काहीतरी होतंय. काही झालं नाही. पप्पा विचार करत होते. "म्हणजे शेवटच्या दिवशी," ते म्हणाले, "तुतारी वाजेल. थडगी उघडतील. सगळं गाव उठेल. आणि आपली गिऱ्हाइकं तेवढी आत अडकून बोंबलतील."

"पप्पा, असं काही नसतं," मधली म्हणाली.

"तुला काय माहीत? पाळकांना फोन लाव."

"ते जेवत असतील."

"मी काय करतोय? लाव फोन!"

धाकट्याने लावला, कारण धाकट्याला असले फोन लावायला आवडायचं. पाळकसाहेबांनी घास गिळल्याचं स्पष्ट ऐकू आलं. पप्पांनी पेटीतून, फोन तोंडाजवळ धरायला लावून, अत्यंत अदबीने शंका विचारली. पाळकसाहेब म्हणाले की पुनरुत्थानाच्या वेळी शरीर नवं, महिमायुक्त असेल, अस्तराचा प्रश्नच येत नाही.

"माप तेच असेल का?" पप्पांनी विचारलं.

पलीकडे बराच वेळ नुसता चमचा वाजला. "मी वाचून सांगतो," पाळकसाहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

"बघितलंस? त्यांनाही माहीत नाही," पप्पा म्हणाले आणि पुन्हा उठायचा प्रयत्न केला. त्यामुळे ते अजून बोटभर खाली गेले.

दादाने भिंतीवरची करवत काढली.

"बाजूची फळी कापतो. दोन मिनिटांचं काम."

"हात लावून बघ फळीला!" पप्पांचा आवाज इतका चढला की वरच्या मजल्यावर काहीतरी पडलं. "ही रेघ बघ. दिसतेय? तिची दुसरी बाजू तुझ्या आईपाशी आहे. ही कापलीस तर मी दुसऱ्याच कुणाच्या तरी लाकडात जाऊन झोपू?"

दादाने करवत खाली केली. पण माघार घेताना त्याला काहीतरी बोलायला हवंच होतं. "म्हणूनच म्हणत होतो. हे वय आहे का कारखान्यात राहायचं? आमच्याकडे चला म्हणून किती वेळा सांगितलं."

"आमच्याकडे म्हणजे?" धाकटा म्हणाला. "तुझ्याकडे तिसरा मजला. पप्पांचे गुडघे बघितलेस?"

"मग तुझ्याकडे ने!"

"माझी एक खोली आहे. पहाटे चारला अंदाज द्यायला जातो मी. पप्पांना कोण बघणार, ढग?"

"बघायचं काय आहे त्यात? तू फक्त जबाबदारी आली की रस्ता बदलतोस. इंडिकेटरसुद्धा देत नाहीस."

"आणि तू शेजारी बसून नुसता ब्रेक दाबतोस! गाडी कोण चालवतंय?"

दोघं पेटीच्या दोन बाजूंनी, मध्ये पप्पा, असे भांडत राहिले. वहिनींनी डोळे मिटले. त्या प्रार्थना करायला लागल्या की घरातल्या सगळ्यांना कळायचं, देवाशी बोलता बोलता कुणालातरी ऐकवायचं आहे. "हे प्रभू," त्या म्हणाल्या, "काही लोकांना घरी निमंत्रणं वाटताना आपल्या बायकोला विचारायची बुद्धी दे."

"मी विचारणारच होतो!"

"हे प्रभू, त्यांना वाटतं मी तुझ्याशी बोलताना ते मध्ये बोलू शकतात."

"जाऊ दे," दादाने विषय मिटवल्यासारखा हात झटकला. "एवढी चर्चा कशाला? मधली आहे ना."

"हो ना, ताई आहे ना," धाकटा लगेच म्हणाला. इतका वेळ भांडणाऱ्या दोघांमध्ये एकदम गोडी झाली.

मधली आहे ना. हे वाक्य मधलीने इतक्यांदा ऐकलं होतं की आपल्या थडग्यावर तेच कोरतील अशी तिची खात्री होती. आईच्या आजारपणात मधली आहे ना. आई गेल्यावर पप्पांच्या औषधांना, कारखान्याला, चर्चच्या पडद्यांना, धाकट्याच्या मोडलेल्या लग्नाची माफी मागायला मधली आहे ना. मध्ये असणं हा जणू तिचा पेशाच होता. ती या दोघांवर चिडली होती, पेटीत अडकणाऱ्या बापावर चिडली होती आणि सगळ्यांत जास्त देवावर चिडली होती. त्याने मुहूर्त बघावा तर किती बघावा.

"मी लग्न करतेय," ती म्हणाली.

दादाचा उजवा पाय जमिनीवर आपटला. नसलेला ब्रेक त्याने पूर्ण दाबला होता.

"कुणाचं?" धाकट्याने विचारलं.

"माझं."

"तुझं? या वयात?"

"पुढच्या महिन्यात. या वयातच. आणि त्याच्या गावी जाणार आहे. दिवसभराचा प्रवास आहे. तिकडे खुर्च्या-सोफ्यांची अस्तरं लावीन. बसणाऱ्या लोकांसाठी. उठू शकणाऱ्या."

"आणि पप्पा?" दादा आणि धाकटा एका आवाजात म्हणाले. गेल्या कित्येक वर्षांत ते पहिल्यांदाच एका सुरात बोलले असतील.

"जरा विचार कर," दादा म्हणाला. "असं एकदम वळण घेतात का?"

"ताई, निदान उन्हाळा तरी जाऊ दे," धाकटा म्हणाला.

"कुठला उन्हाळा? तुझा अंदाज की खरा?"

"हे बघ, आम्ही नाही म्हणत नाही..."

"दोघंही गप्प बसा."

हे वहिनी बोलल्या होत्या. डोळे उघडे ठेवून, थेट माणसांशी. दादा दचकला, याची त्याला सवय नव्हती.

"मी या घरात आले त्या संध्याकाळी," वहिनी म्हणाल्या, "सासऱ्यांनी खिशातून टेप काढली. खांदे मोजले, उंची मोजली. मला वाटलं काय प्रेमळ माणूस आहे, सुनेला ड्रेस शिवतोय. मग म्हणाले, 'पाच फूट दोन, बोटभर जास्त ठेवू.' मी रात्रभर रडले. तुझी ती लग्न ठरत आलेली तर टेप बघून जिन्यावरून पळाली," त्या धाकट्याला म्हणाल्या. धाकट्याने मान खाली घातली. "मला कळायला वर्ष लागलं की या घरात माप घेतलं म्हणजे तुम्हाला आपलं मानलं. शेवटपर्यंत सांभाळू, असं सांगायची यांची ही तऱ्हा. ठीक आहे. पण सगळ्यांना शेवटपर्यंत सांभाळण्याचं काम एकटीने करायचं हे कुठल्या मापात बसतं? हिला कधी कुणी विचारलं? मी पण नाही विचारलं. मी हिच्या नावाने प्रार्थना केल्या. ते सोपं असतं."

मधलीने वहिनींकडे बघितलं. या बाईशी तिचं पडद्यांच्या रंगावरून अकरा महिने बोलणं नव्हतं.

"मला कोणी का नाही सांगितलं?" पेटीतून आवाज आला.

"तुम्हालाच पहिल्यांदा सांगणार होते पप्पा. तुम्ही अडकलात."

"मला तुझं तोंड दिसत नाही. इकडे ये. नाही, थांब, मीच..." आणि पप्पांनी असा काही जोर केला की खांदे आत सरकले, हनुवटी छातीला टेकली आणि त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. "मला... हात... हात सोडवा..."

कोणी विनोद केला नाही. धाकट्यानेही नाही. दादाने पुन्हा करवत उचलली, तर पप्पा मान हलवून नाही नाही म्हणत होते आणि प्रत्येक नाहीबरोबर आणखी खाली जात होते. मधलीने अस्तर फाडायचा आकडीचा चाकू घेतला होता. पण शिवण होती पप्पांच्या बरगडीला लागून, आणि पप्पा मासळीसारखे तडफडत होते. पातं कुठे घालणार?

"वहिनी," मधली म्हणाली, "कोपऱ्यावर पांढरी व्हॅन आहे. त्यातल्या माणसाला बोलवा."

"कोण आहे तो?"

"तोच. लिफ्ट दुरुस्त करतो."

"अगं, आता लिफ्ट काय करायची आहे?"

"वहिनी, पळा!"

वहिनी पळाल्या. मधलीला तो पहिल्यांदा भेटला होता तो आवाजानेच. इस्पितळाच्या तळघरात रिकामी पेटी पोचवायला जाताना लिफ्ट मध्येच बंद पडली होती. अंधारात ती पेटीवर बसून होती आणि दाराच्या पलीकडून एक माणूस शांतपणे बोलत होता. दार उघडलं तेव्हा तिला किंचित वाईट वाटलं होतं.

तो आला. पिशवी खाली ठेवली. दादाने पुढे केलेला हात त्याला दिसला नाही. तो पेटीच्या डोक्याशी उकिडवा बसला आणि त्याने फळीवर बोटाने तीनदा टकटक केलं.

"आत कोण आहे?"

"झाकण उघडं आहे," पप्पा धापा टाकत म्हणाले. "दिसत नाही का?"

"विचारावं लागतं. पद्धत आहे. किती जण आहात आत?"

पप्पा थांबले. छातीतली शिट्टी एकदा वाजली, दोनदा वाजली.

"एकटाच आहे," ते म्हणाले.

"बरं. आता ऐका. हवा येतेय. काही पडणार नाही, काही तुटणार नाही. लोकांना वाटतं जोर लावला की सुटतो. जोर लावला की अडकतो. तुम्हाला काही करायचं नाही. मी इथे बाहेर आहे. तुम्ही निघेपर्यंत कुठेही जाणार नाही."

पप्पा छताकडे बघत होते.

"परत म्हण," ते म्हणाले.

"मी इथे बाहेर आहे. तुम्ही निघेपर्यंत कुठेही जाणार नाही."

हे तो अगदी सपाट आवाजात म्हणाला. हजार वेळा म्हणून गुळगुळीत झालेलं वाक्य होतं ते. पण पप्पांच्या खांद्यातला ताण सुटताना मधलीला दिसला. त्यांनी श्वास सोडला. लांब, खूप दिवसांचा साठलेला. छाती खाली बसली आणि बरगडी आणि मखमल यांच्यामध्ये बोटभर फट झाली.

मधलीने चाकू घातला.

टरकन आवाज झाला आणि पेटीतून काथ्या बाहेर आला. आधी मूठभर, मग पसाभर, मग थांबेचना. काथ्याच्या मागून कापूस. दादाच्या बुटांवर ढीग झाला. मधली डाव्या बाजूची शिवण उसवत गेली, स्वतःचे बारीक, घट्ट, दुहेरी टाके एकामागून एक. गेला महिनाभर पप्पा झोपल्यावर तिने ते घातले होते.

"एवढा काथ्या?" पप्पांनी विचारलं. त्यांचा एक हात मोकळा झाला होता. "एक बोट अस्तर असतं. इथे चार बोटं आहे. यात दोन गाद्या झाल्या असत्या."

"तुम्ही दरवर्षी म्हणता पाठीला टोचतं."

"अगं, मेल्यावर पाठ दुखते का?"

"मेल्यावर नाही," मधली म्हणाली. चाकू थांबला नव्हता, पण तिला समोरचं नीट दिसेनासं झालं होतं. "मी गेल्यावर. मी इथे नसताना तुम्हाला टोचू नये म्हणून."

पप्पांचा दुसरा हातही सुटला. त्या हाताने त्यांनी पेटीची कड धरली, दुसरा लिफ्टवाल्याने धरला, आणि ते उठून बसले. कोटभर काथ्या, केसांत कापूस. लगेच बाहेर मात्र आले नाहीत. पेटीत बसून त्यांनी सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं.

"सहा वर्षं," ते म्हणाले, "रोज गुडघे टेकून मी एकच विचारतोय. बाहेर कोणी आहे का? सहा वर्षं उत्तर नाही. आणि आज पाठवलं, तर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या तोंडून. तेही माझी पोरगी न्यायला आलेल्याच्या. देवाला दुसरं कोणी मिळालं नसेल?"

"आज रविवार आहे," लिफ्टवाला म्हणाला. "बाकीच्यांना सुट्टी असते."

पप्पांनी त्याच्याकडे निरखून बघितलं. मग ते मधलीकडे वळले आणि एकदम उखडले. "आणि तू! कारखाना मी बंद का नाही केला माहीत आहे? गुडघे गेलेत माझे. रंधा धरला की हात थरथरतो. म्हटलं, मी दुकान मिटवलं तर ही पोरगी कुठे जाणार? हिला या पेट्यांशिवाय आहे कोण? म्हणून खेचत होतो!"

"मी तुमच्यासाठी थांबले होते पप्पा!"

"आणि मी तुझ्यासाठी! मूर्खांसारखे एकमेकांची राखण करत बसलो. कृपा दारात येऊन बेल वाजवत असेल, आणि आत दोघंही म्हणतायत, दुसऱ्याला झोप लागलीय, उठवू नको."

"मग आता पप्पा कुणाकडे?" दादाने विचारलं. कारण कुणीतरी विचारायलाच हवं होतं.

"सूनबाईला विचार. आधी तिला विचार, मग मला सांग. तिसरा मजला असेल तर हा माणूस लिफ्ट बसवेल."

"ते इतकं सोपं नसतं," लिफ्टवाला म्हणाला.

"गप्प बस. तू अजून घरात नाहीस."

मधली खाली बसून काथ्या गोळा करायला लागली, कारण हातांना काहीतरी हवं होतं. दादा वहिनींना हळू आवाजात काहीतरी विचारत होता, आणि ते खरंच विचारणं वाटत होतं. धाकटा वर जाऊन कोंबडी जळल्याचं जाहीर करून आला. आणि मग मधलीला ओळखीचा आवाज आला: खिशातून टेप निघताना होतो तो, कर्रर्र. तिने मान वर केली.

पप्पा पेटीत उभे राहिले होते, टेपचं एक टोक दातांत धरून. दुसरं टोक त्यांनी लिफ्टवाल्याच्या खांद्याला लावलं. वहिनींनी हात तोंडावर नेला. धाकटा जिन्याच्या पहिल्या पायरीवर थबकला. त्याला याच जिन्यावरून पळालेलं कुणीतरी आठवत असणार. लिफ्टवाला मात्र अजिबात हलला नाही. त्याला बहुधा वाटलं असेल ही इथली पद्धत आहे, आणि पद्धतींबद्दल त्याला आदर होता.

"सरळ उभा राहा. पोट आत घेऊ नकोस, आत घेतलेलं पोट खोटं माप देतं." खांदे झाले. उंची झाली. पप्पांनी टेप दातांतून सोडली. त्यांच्या नाकातून एक सूर येत होता. खालच्या पट्टीतला, खर्जातला, सकाळच्या शेवटच्या गीताचा. बहुतेक त्यांना स्वतःला ते कळलेलं नव्हतं. वहिनींना कळलं. त्यांनी डोळे मिटले, पण या वेळी कुणाला काही ऐकवलं नाही.

"बाजूने तीन बोटं जास्त ठेवू," पप्पा म्हणाले. "हिच्या हातचं खाऊन सुटणार हा. आणि मधले..."

"काय पप्पा?"

"याच्या पेटीत मखमल उलटी लाव. लव वरच्या बाजूला. उठायच्या दिवशी अडायला नको."